बाज कोणाची, भुई कोणाची

चार खूर, चार गाते आणि मधे अंबाडीच्या सुतळीची वीण, एवढ्यावर मराठवाड्यातली बाज उभी राहते. ही घडण जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला, दौलताबादही पाहून गेला. इथली खाट एका माणसाला उचलता येईल इतकी हलकी असते, चार पायांत चार दांड्या बसवून ती रेशमाने किंवा सुताने विणतात आणि प्रवासी ती नोकराच्या डोक्यावर देऊन बरोबर नेतो, असे त्याने नोंदवले आहे. हिंगोलीच्या ओसरीवरची बाज आजही त्याच बेताची असते. या वर्णनातला नोकर मात्र सहज नजरेतून निसटतो. खाट त्याच्या डोक्यावर होती. त्याच्या पाठीखालीही होती, असे त्या नोंदीत नाही. खाटेचा इतिहास सोयीचा म्हणून सांगितला जातो. खरे पाहता तो भुईवरून कोणाला उचलायचे, या निवाड्याचा आहे.

देवही या हिशेबात आहेत. तुळजाभवानी वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रा घेते. पंढरपुरात आषाढी यात्रेआधी विठ्ठलाचा पलंग काढतात आणि प्रक्षाळपूजेपर्यंत दर्शन अहोरात्र चालू राहते. ज्या जिल्ह्यात नामदेवांची नरसी आहे, तिथल्या वारकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: पलंग म्हणजे विश्रांतीचा हक्क, पलंग काढला म्हणजे देव कामावर. माणसांत हा हक्क सारखा वाटला गेला नाही. सासऱ्यासमोर सून बाजेवर बसत नसे. गावगाड्याने ज्यांना खालचे ठरवले, त्यांना वरच्यांपुढे स्वतःच्या बाजेवरूनही उठावे लागे. बाळंतिणीला बाज मिळे, खाली शेगडी ठेवून शेकही मिळे; दिवस सरले की ती पुन्हा भुईवर.

यावर कोणी म्हणेल, खाट आली ती ओल आणि विंचूकाट्यामुळे, मानापानाचा त्यात काय संबंध? कारण खरे आहे, पण ते अपुरे आहे. मण्यार रात्री फिरते आणि भुईवर झोपलेल्यांनाच बहुधा चावते; दंश दुखत नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. धोकाच निकष असता, तर शेतातल्या खोपीत झोपणाऱ्या सालगड्याला बाज सर्वांत आधी मिळाली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे जमिनीवर निजणे हे व्रत मानतात, बौद्धांच्या अष्टशीलात उंच आणि आरामशीर शय्या वर्ज्य आहे, मरणासन्न माणसालाही खाली घेतात. मग भुई कमी प्रतीची कशी? उत्तर असे की, पलंग असणाराच तो सोडू शकतो. ज्याच्याजवळ सोडायला काही नाही, त्याच्या भुईवरच्या झोपेला कोणी व्रत म्हणत नाही.

आधुनिक राज्याने हा निवाडा मोजमापात आणला. खाट आता दवाखान्याचे माप झाली. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात ६ खाटा, ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा, असे निकष आहेत. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर जिल्ह्याच्या आरोग्याची चर्चाही याच भाषेत होऊ लागली. या मापात एक मोठी गोष्ट आहे: इथे खाटेवर हक्क दुखण्याने मिळतो, जातीने किंवा नात्याने नाही. निदान कागदावर तरी. एका खाटेवर दोन रुग्ण किंवा खाली सतरंजीवर तिसरा दिसला, की जुना निवाडा परत आला असे समजावे.

म्हणून खाटांची गणना दवाखान्याच्या दारात थांबू नये. दिवाळीनंतर मराठवाड्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कोपीत भुईवरच निजतात. त्यांच्या उचलीचा, कोयत्याचा हिशेब मुकादम ठेवतो. पाठीखालच्या खाटेचा आणि वरच्या मच्छरदाणीचा हिशेब कोणीच ठेवत नाही. कारखान्यांनी आणि शासनाने तो ठेवायला लागावे. आणि आपल्या घरात कोण बाजेवर निजते, कोण खाली, हे वाचकांनीही एकदा मोजून पाहावे.