काळ्या पाषाणाखाली किती पाणी?

महाराष्ट्राच्या सुमारे ८१ टक्के भूभागाखाली एकच खडक आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात, शिवारात काळा पाषाण. पाण्याबद्दलचे आपले बरेचसे समज हा खडक लक्षात न घेताच पक्के झाले आहेत. सरकारी योजनाही त्याच समजांवर आखल्या जातात, म्हणून ते जास्त महाग पडतात.

‘खाली पाण्याचा साठा आहे, फक्त तिथवर पोचायला हवं’

पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की जमिनीखालून नदी वाहते आहे, असं मानून बोअरची गाडी बोलावली जाते. दोनशे फुटांना पाणी लागलं नाही तर चारशे, तिथेही कोरडंच निघालं तर सहाशे. खरं तर काळ्या पाषाणात अशी नदी नसते. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि पाषाणाला गेलेल्या भेगांत. हा पाणी धरणारा भाग बहुतेक ठिकाणी वरच्या काही दहा मीटरांतच संपतो. त्याखालच्या घट्ट खडकात एखादी भेग सापडते, नाही असं नाही. पण त्या भेगेतलं पाणी पुन्हा भरायला फार वेळ लागतो, आणि अनेकदा ते वरच्याच थरातून, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतून, खाली ओढलेलं असतं. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्याची, रावेर-यावलच्या केळीच्या शिवारांची गोष्ट वेगळी. तिथे खोलवर वाळू-गाळाचे थर आहेत. तिथला अनुभव बीड-जालन्यात चालत नाही.

आता थोडं गणित करू. केंद्राच्या भूजल मोजणीच्या निकषांनुसार झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचं जेमतेम ७ टक्के पाणी मुरतं. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एक एकरावर सुमारे २४ लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं जमिनीच्या पोटात जातं ते सुमारे १ लाख ७० हजार लिटर. एवढ्या पाण्याने विहिरीची पातळी मात्र साधारण दोन मीटरने वर येते, कारण खडकात पोकळी फक्त दोनेक टक्के आहे. दिवाळीत विहीर काठोकाठ दिसते आणि संक्रांतीनंतर भराभर खाली जाते, त्याचं कारण हेच.

‘शेततळं म्हणजे पावसाच्या पाण्याची साठवण’

कल्पना तीच होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं तळं ओढ्या-ओघळीचं पाणी एका बाजूने आत घेणारं आणि जास्तीचं दुसरीकडून बाहेर सोडणारं असावं, अशी अपेक्षा होती. पावसाने ओढ दिली की एक-दोन पाण्यावर पीक तगवायचं, एवढाच त्याचा उपयोग. फळबागांच्या पट्ट्यात मात्र तळ्याला वर बांध घातला जातो, आत कागद अंथरला जातो आणि ते विहिरी-बोअरच्या मोटारीने भरलं जातं. बांधामुळे वाहतं पाणी आत शिरू शकत नाही, कागदामुळे आतलं पाणी मुरू शकत नाही. म्हणजे जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं.

तीस बाय तीस मीटर लांबी-रुंदीच्या आणि तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. वरचं गणित लावलं तर ही तेरा एकरांत वर्षभरात मुरलेल्या पाण्याएवढी उचल झाली. ज्याचं शिवार चार एकराचं आहे त्याच्या तळ्यात उरलेल्या नऊ एकरांचं पाणी कुणाचं, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी सहज उडून जातं. भरलेल्या तळ्यावरून रोज नऊ हजार लिटर!

यात शेतकऱ्याला दोषी धरून उपयोग नाही. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग एक उन्हाळा पाण्याविना गेली तर अनेक वर्षांची गुंतवणूक वाळते. आपण उपसलं नाही तर शेजारी उपसणार, ही भीतीही खोटी नाही. दोष असेल तर सगळ्या तळ्यांना एकाच नावाने ‘जलसंधारण’ म्हणणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

‘ठिबक केलं की पाणी वाचतं’

एकरी पाणी कमी लागतं, हे खरं. गावाचं पाणी वाचतं का, ते वाचलेल्या पाण्याचं पुढे काय होतं यावर ठरतं. बहुतेक ठिकाणी त्यावर आणखी दोन एकर भिजतात, किंवा ज्वारी-हरभऱ्याच्या जागी बारमाही पीक येतं. पाटाने दिलेल्या पाण्यातला काही भाग निदान परत विहिरीत झिरपायचा, ठिबकात तोही थांबतो. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ठिबकच्या अनुदानाचा आकडा म्हणजे पाण्याच्या बचतीचा आकडा नव्हे.

विजेचंही तसंच. राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि सौरपंपाला एकदा बसवल्यावर ऊन फुकटच मिळतं. रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळतं, हा त्याचा मोठा फायदा. पण पंप बंद करायला लावणारी कारणं, म्हणजे बिल आणि भारनियमन, आता उरत नाहीत. देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के सिंचनासाठी जातं. अशा वेळी उपशाला मर्यादा घालायची कशी, याचं उत्तर पंप वाटण्याच्या आधी द्यायला हवं होतं.

‘नदी खोल-रुंद केली की दुष्काळ हटला’

साचलेला गाळ काढणं योग्यच. पोकलेन मात्र गाळापाशी थांबत नाही, खालचा मुरूमही उचलतो. ज्या थरात पाणी राहतं तोच थर आपण ट्रॅक्टरात भरून नेतो. मग खोल झालेल्या पात्रात पाणी दिसतं, फोटो निघतात. त्यातलं किती पावसाचं आणि किती काठच्या विहिरींतून पात्रात उतरलेलं, हे फोटोत कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. भूजल वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, असं कॅगने २०२० मध्ये नोंदवलं. माथा ते पायथा पाणी अडवत येण्याचा क्रम सोडून नुसता नाला खोदला की असंच होणार.

‘माझ्या विहिरीचं पाणी माझं’

मालकीची ही समजूत ब्रिटिश काळातल्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि सगळ्यात घट्ट रुतली आहे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर त्याने बंधनं आणली, पाणलोटाला एकक मानून नियोजन करण्याची सोयही केली. प्रत्यक्षात आजही आठशे फुटांचं बोअर सर्रास घेतलं जातं आणि कुणी विचारत नाही.

हिवरे बाजार या गावाने ज्या गोष्टी ठरवून पाळल्या त्यांत बंधारे आणि झाडं सगळ्यांना आठवतात. सिंचनासाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडल्यावरच रब्बीचं पीक ठरवायचं, हा भाग पाहुणे पटकन विसरतात. बंधारा सरकारी पैशाने होतो, ताळेबंदासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कोणती, तिची ऑक्टोबरची पातळी किती आणि मागच्या वर्षी किती होती, हे रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.