कचेरीतील संगीत आणि कानांची निगा

कचेरीसाठी हेडफोन घेताना पहिला विचार शेजारच्या मेजाचा करावा. बाहेरून जाळी असलेले हेडफोन स्वर मोकळा देतात, पण तो शेजाऱ्यालाही ऐकवतात. तेथे बंद वाटीचेच बरे. गोंगाट रोखणारी यंत्रणा वातानुकूलकाची संथ घरघर शमवते, बोलणे मात्र तितके अडवत नाही. तरीही तिच्यामुळे आवाज वाढवण्याचा मोह टळतो, हा लाभ मोठाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्यात ४० तास ऐकावे. ९० डेसिबलवर अवघे ४ तास! अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. काही महागड्या हेडफोनच्या गाद्या मेंढीच्या कातड्याच्या असतात. जैन घरांत ही चौकशी खरेदीपूर्वीच व्हावी. कापडी गादीने उन्हाळ्यात घामही कमी येतो.