पायाखालचे कामकरी

पिंपरी-चिंचवड ही कामगारांची नगरी आहे, हे आपणांस कोणी सांगावयास नको. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पवनाकाठची शिवारे पाहता पाहता कारखान्यांच्या छपरांखाली गेली. पुढे चाकणलाही तेच घडले. परंतु याच भूमीत त्याहून पुरातन असा एक कामकरी वर्ग राबत आला आहे. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. गांडुळे, वाळवी, मुंग्या, वाणी, गोम, शेणकिडे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे अशा, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा हा वर्ग आहे. त्याची मजुरी बुडाली तर आपले काय बिघडते, हा आजचा प्रश्न.

या मंडळींच्या कामाचा हिशेब प्रथम मांडला तो चार्ल्स डार्विनने. १८४२ साली त्याने घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरले आणि तो थांबला. एकोणतीस वर्षांनी, १८७१ साली, तेथे चर खणून पाहिला, तो खडूचा थर सात इंच खाली गेलेला! खडू आपण होऊन बुडाला नव्हता. गांडुळांनी खालची माती खाऊन वर विष्ठेच्या रूपाने टाकली होती, आणि तिच्या थराखाली तो झाकला गेला होता. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा अंदाज त्याने १८८१ सालच्या आपल्या ग्रंथात दिला. ज्याला आपण क्षुद्र म्हणून पायाखाली तुडवतो, तो प्राणी नांगराच्याही आधीपासून जमीन नांगरीत आहे.

हे काम चालते तरी कसे? झाडावरून पान गळते. वाणी आणि तिच्यासारखे पालापाचोळा खाणारे जीव ते कुरतडून बारीक करतात. त्या तुकड्यांवर बुरशी वाढते. तिळाहूनही लहान, शेपटीच्या झटक्याने उड्या मारणारे पंखहीन किडे ती बुरशी चरतात. चांगल्या जमिनीत हे किडे चौरस मीटरला हजारोंनी सापडतात. गांडूळ ते कुजके अन्न मातीसह गिळते, आणि त्याच्या पोटातून निघालेल्या कणीदार मातीत नत्र व स्फुरद पिकाला सहज घेता येईल अशा रूपात असतात. शिवाय त्याची बिळे म्हणजे जमिनीची नाके आणि नळ. त्यांतून मुळांना हवा मिळते आणि पावसाचे पाणी खाली उतरते.

सगळी गांडुळे मात्र एकाच कामाची नव्हेत. काही पाचोळ्यात राहतात, काही वरच्या थरात आडवी हिंडतात, तर काही खोल उभी बिळे करतात. खताच्या खड्ड्यात सोडतात ती पहिल्या जातीची. ती कचऱ्याचे खत उत्तम करतील, पण कठीण जमीन पोखरणार नाहीत. गांडुळे विकत आणून सोडली की जमीन सुधारली, हा समज म्हणूनच खरा नाही. त्यांना अन्न, ओल आणि सावली द्या, खोल जमिनीतली आपोआप वर येतील.

मातीतले हे जग किती संपन्न असते, याचे प्रमाण पिंपरीतच आहे. १९६० च्या सुमारास हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील थिरुमलाचार यांनी तेथल्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळविले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आजही आहे. असे सूक्ष्मजीव पोसले जातात ते याच किड्या-गांडुळांनी दळलेल्या अन्नावर.

आता आपण काय करतो ते पाहा. इमारतीचे काम निघाले की यंत्राने वरचा हातभर काळा थर प्रथम खरवडला जातो. हाच तो थर, ज्यात बहुतेक जीव राहतात, आणि जो इंचभर तयार व्हावयास शतके लागतात. उरल्या मुरुमावर रोलर फिरतो. काळी माती ओली असताना दाबली तर विटेसारखी घट्ट होते, मग पाणी मुरत नाही, वाहून जाते. पुढे इमारत उभी राहिली की तेच लोक बागेसाठी ट्रकभर काळी माती विकत आणतात! झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवितात, आणि पडलेली पाने झाडून पेटवितात. मग झाड वाळले म्हणजे नर्सरीला दोष देतात. झाडाचे जेवण तर आपणच जाळलेले असते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मातीतला प्रत्येक जीव उपकारकच असतो असे नाही. हुमणी उसाच्या मुळ्या खाते, वाळवीच्या काही जाती घरांत शिरतात. परंतु वाळवीच्या बहुसंख्य जाती मेलेले, कुजके वनस्पतिजन्य अन्नच खातात. म्हणून एका शत्रूसाठी सगळ्या शिवाराला विष घालणे शहाणपणाचे नव्हे. वारंवार फवारलेल्या मोरचुदातील तांबे जमिनीत साठते आणि गांडुळांना घातक ठरते. कारखान्याच्या सांडपाण्यातील जड धातूही गांडुळाच्या शरीरात जमतात आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोहोचतात. अशी दूषित जमीन गांडुळे सोडून शुद्ध होत नाही. तेथे मूळ घाणच थांबवावी लागते.

उपाय अवघड नाहीत. बांधकामापूर्वी वरची माती वेगळी काढून बेताच्या उंचीचा ढीग करावा आणि काम संपताच ती परत पसरावी. झाडाभोवती हात-दोन हात जागा उघडी ठेवावी. पाचोळा जाळू नये, बुंध्याशी आच्छादन म्हणून राहू द्यावा. खेड तालुक्यातील कांदा-बटाट्याच्या शेतकऱ्याने पिकाचे अवशेष पेटवू नयेत.

आणि परीक्षा? पाऊस चांगला झाल्यावर, श्रावणात, आपल्या अंगणातील वीतभर लांब-रुंद-खोल माती फावड्याने उचलून कागदावर पसरा आणि त्यात किती जीव वळवळतात ते मोजा. पाच-सहा गांडुळे सापडली तर जमीन जिवंत आहे असे समजा. एकही नसेल, तर तिला अन्न, ओल आणि सावली यांपैकी काय कमी पडते आहे, याचा शोध त्याच दिवशी सुरू करा.