संगणकाची पत्रिका जुळवताना

मंडळींनो, मंडळाच्या मागच्या कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेत उभे असताना आम्हाला तीन पालकांनी एकच प्रश्न विचारला. "मुलगा म्हणतो, गेम खेळायचा कॉम्प्युटर विकत नको, सुटे भाग आणून घरीच जोडू. जमतं का हो हे?" रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटमुळे आम्हाला कॉम्प्युटरमधलेही कळते, असा मंडळात एक समज आहे. तो खोटा आहे. पण २०२४ च्या थँक्सगिव्हिंगला आम्ही बेसमेंटमध्ये एक कॉम्प्युटर जोडला आणि बऱ्याच चुका केल्या. त्या चुकांचे पैसे भरून झाले आहेत. तुम्ही ते पुन्हा भरू नयेत, म्हणून हा लेख.

आमच्या चिरंजीवांचे वय तेव्हा अकरा. वाढदिवसाचे, आजीने हातावर ठेवलेले आणि शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मिळालेले असे सगळे मिळून त्याच्याजवळ २४० डॉलर जमले होते. उरलेले आम्ही घालायचे, पण एकूण ६०० च्या वर जायचे नाही, असा करार झाला. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात होतेच.

पहिली चूक दुकानातच झाली. सेलमध्ये डीडीआर५ मेमरी स्वस्त दिसली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपला बोर्ड एएम४ आहे. त्याला डीडीआर४ लागते." आम्ही म्हणालो, "अरे, चार काय नि पाच काय, नवीन ते चांगलंच!" घरी आल्यावर पट्टी खाचेत बसेना. दोन्ही प्रकारांना टोके २८८ च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. परत करायला गेलो तेव्हा वेष्टन फोडल्याबद्दल दुकानाने १५ डॉलर कापून घेतले. ते आम्ही कराराबाहेर, आमच्या खिशातून भरले. प्रयोगशाळेत लेबल वाचल्याशिवाय बाटलीचे झाकण न उघडणारे आम्ही, सेलची पाटी दिसताच सगळे विसरलो.

तेव्हा भाग कोणत्या क्रमाने निवडायचे, ते सांगतो. सुरुवात भावापासून नको, गरजेपासून करावी. मुलगा कोणते गेम खेळतो आणि घरातला मॉनिटर कोणता, हे आधी पाहावे. आमचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा. त्याला रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड पुरेसे होते. याहून भारी कार्ड घेतले असते तर प्रोसेसरसाठी पैसे उरले नसते. वीस मोदकांचे सारण आणि बारा मोदकांची उकड असेल, तर मोदक बाराच होतात. आम्ही केमिस्ट लोक याला लिमिटिंग रिएजंट म्हणतो.

कार्डानंतर प्रोसेसर. आम्ही सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घेतला, पंखा खोक्यातच मिळाला. मग मदरबोर्ड. प्रोसेसरचे आणि बोर्डाचे सॉकेट एकच हवे, पत्रिका जुळवायची ती इथे. एएम४ चा प्रोसेसर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ च्या बोर्डात बसत नाही. एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे निघाले, तेव्हा तिथे बोर्डाचा तक्ता वाचावाच लागतो. सॉकेट जुळूनही जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही असेही होते. त्यासाठी कोणत्या बायॉसपासून कोणता प्रोसेसर चालतो, याची यादी बोर्डाची कंपनी देते, ती पाहावी.

मेमरी १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात, काम जलद होते. चार खाचा असल्या तर बहुधा दुसरी आणि चौथी वापरायची. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरमधल्या पट्ट्या टाकून देण्याआधी त्यांचा प्रकार जरूर बघा.

कॅबिनेट घेताना तीन मापे पाहावीत: बोर्डाचा आकार, कार्डाची लांबी आणि पंख्याची उंची. वापरलेले भाग घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१७ चे पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. स्वस्तात मिळाला तरी तो सौदा महाग पडतो.

आता शेवटची गोष्ट, पॉवर सप्लायची. आमचे कार्ड १३२ वॅटचे, प्रोसेसर ६५ चा. बाकीचे धरूनही ५५० वॅटचा सप्लाय ऐसपैस होता. पण जुन्या कॉम्प्युटरची डिस्क आम्हाला यात लावायची होती. तिच्यावर आमच्या वडिलांच्या २०१९ च्या मुक्कामाच्या चित्रफिती होत्या. त्यात आजोबा नातवाला बॅकयार्डमध्ये पतंग उडवायला शिकवत आहेत. वडील आता नाहीत, आणि त्या चित्रफितींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

नव्या सप्लायची तार डिस्कपर्यंत पोहोचेना. आम्ही जुन्या सप्लायची लांब तार काढली, ती दोन्हीकडे व्यवस्थित बसली. बटणाकडे हात गेला तेवढ्यात माहितीपुस्तिका घेऊन बसलेले चिरंजीव ओरडले, "बाबा, थांबा! दुसऱ्या सप्लायच्या तारा लावू नका असं लिहिलंय!" ते खरे होते. तारेचे डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण सप्लायकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनी आपापली ठेवते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, की डिस्क जळते. मेमरी परत करता आली, ही करता आली नसती.

डिस्क काढून बाजूला ठेवली आणि योग्य तार मागवली. बाकीचे जोडून बटण दाबले, तर मॉनिटर काळाच. सौ. चहा घेऊन खाली आल्या, मागे डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही तार वर लावलीय, त्या मोठ्या कार्डालाही तसंच भोक आहे की!" आमच्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही, त्यामुळे मॉनिटरची तार कार्डालाच लावायला हवी होती. पुढच्या मिनिटाला चित्र आले.

आठवड्याने योग्य तार आली. डिस्क लावली, आणि चिरंजीवांनी आपण होऊन गेम बाजूला ठेवून आजोबांच्या चित्रफितींच्या दोन प्रती केल्या.

तर पालकहो, जोडायला हरकत नाही. मात्र यादी आधी कागदावर करा, प्रत्येक भागाचा तक्ता वाचा, आणि वाचायचे काम मुलाकडे दिले असेल तर त्याचे ऐका. यादी एकदा दाखवून घ्यायची असेल, तर आम्ही पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी असू. चिरंजीवही असतील, शंका त्यांनाच विचारणे बरे.

चूकभूल द्यावी घ्यावी.