आजोबांचा काचेचा दाणा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला 2009 साली एक बिबट्या विहिरीत पडला. गावाकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, पण हा बिबट्या बरं का! त्याला सुखरूप वर काढलं. वयाने मोठा आणि स्वभावाने भलताच शांत, म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच्या गळ्यात एक पट्टा बांधला. कातडीखाली एक चिपही सरकवली. मग त्याला माळशेज घाटात सोडून दिलं.

आजोबा निघाले की चालत! रेल्वेचे रूळ, महामार्ग, वसईची खाडी... सगळं ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर तुडवत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हजर!

ही चुगली केली पट्ट्याने. त्यात जीपीएस होतं. वीस हजार किलोमीटर उंचावरच्या उपग्रहांचे अगदी क्षीण संदेश ऐकायचे, आपण कुठे आहोत ते ओळखायचं आणि मोबाइलसारखा मेसेज धाडायचा. या कामाला वीज फार लागते. आणि बॅटरी उतरली तर चार्जर घेऊन बिबट्याच्या मागे कोण जाणार? तुम्ही जाल? म्हणून असे पट्टे बहुतेक वेळ झोपलेलेच असतात. आत फक्त एक चिमुकलं घड्याळ जागं असतं. ठरलेली वेळ झाली की ते बाकीच्यांना उठवतं, काम उरकलं की पुन्हा सगळे गुडूप. कमी विजेची सर्किटं बनवणाऱ्या इंजिनिअरांची निम्मी हुशारी या झोपवण्यातच खर्च होते.

तरी बॅटरी कधी ना कधी संपतेच. म्हणून मला पट्ट्यापेक्षा त्या चिपचं नवल जास्त.

अशी चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, जेमतेम 12 मिलिमीटर लांब. काचेच्या नळीत केसासारख्या तारेचं वेटोळं आणि सिलिकॉनचा एक कण. बॅटरी? नाहीच! तपासणारा माणूस चिप वाचायचं यंत्र, म्हणजे रीडर, जवळ आणतो. रीडरमधलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला सव्वा लाखाहून जास्त वेळा हेलकावतं आणि त्याने दाण्यातल्या तारेत थोडी वीज उमटते. मायकल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेली ही करामत. तेवढ्या उधारीच्या विजेवर चिप जागी होते.

पण बोलणार कशी? ओरडायला ताकदच नाही. मग ती झोक्यावरच्या खोडकर मुलासारखं करते. तुम्ही झोका देताय आणि बसलेला मधूनच जमिनीला पाय घासतोय. तुमच्या हाताला लगेच जड लागतं ना? चिपही असंच रीडरला कधी जड, कधी हलकं लागू देते. घास, सोड, घास, घास, सोड... त्या खुणांतून रीडर तिचा क्रमांक वाचतो. बाबा दुकानात नुसतं टेकवून पैसे भरतात ना, त्या कार्डातही सेल नसतो. तिथेही हीच युक्ती.

डिसेंबर 2011 मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीच्या धडकेने एक बिबट्या मेला. हा कोण, हे त्याच्या कातडीखालच्या चिपने सांगितलं. ते आपले टाकळीचे आजोबा होते. अडीच वर्षांत त्या दाण्याला एकदाही सेल लागला नव्हता.