अपघातवृत्त

अपघातवृत्त : रस्त्यावर वाहनांची परस्परांशी, पादचाऱ्याशी वा एखाद्या स्थिर वस्तूशी झालेली टक्कर आणि तीमुळे घडलेली जीवित व वित्तहानी यांविषयी वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी इ. माध्यमांतून दिली जाणारी बातमी. स्थानिक वृत्तपत्रांत तिला जवळजवळ रोजचे स्थान असते. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. अशा बहुतेक मृत्यूंची वाचकांपर्यंत पोहोचणारी नोंद म्हणजे आतील पानावरील चार-पाच ओळी होत. अपघात का घडतात आणि ते कसे टाळता येतील, याविषयीची सामान्य समजूत बऱ्याच अंशी याच ओळींतून घडते. म्हणून त्यांच्या स्वरूपाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

उगम व रचना : अपघातवृत्ताचा मुख्य आधार पोलीस ठाण्यातील फिर्याद व पंचनामा हा असतो. तालुक्याच्या वार्ताहरास घटनास्थळी पोहोचणे नेहमीच शक्य नसते. त्यामुळे मृतांची नावे, वये, वाहनाचा प्रकार, वेळ, ठिकाण व ‘पुढील तपास सुरू आहे’ हा समारोप, असा बातमीचा साचा तयार झाला आहे. ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात’ ही त्यातील परिचित शब्दयोजना फौजदारी कायद्यातून आलेली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेची आणि त्यानंतर भारतीय न्याय संहितेची कलमे तिच्यामागे आहेत. गुन्हा कोणाकडून घडला हे पाहणे हे पोलिसांचे काम होय. त्या वळणावर दिवा का नव्हता किंवा दुभाजक का तुटला होता, हा त्यांच्या तपासाचा मुख्य विषय नसतो. वृत्तात ही मर्यादा जशीच्या तशी उतरते. शिवाय, पहिली माहिती बहुधा वाचलेल्या व्यक्तीकडून मिळते. मृताची बाजू सांगणारा कोणी नसतो. पुढे वाहनाच्या तपासणीतून वा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या निर्णयातून निराळे सत्य बाहेर आले, तरी तोवर काही वर्षे लोटलेली असतात आणि त्याची बातमी क्वचितच होते.

भाषा : मराठी अपघातवृत्ताची भाषा नकळत दोषाची वाटणी करते. ‘दुचाकीस्वार ट्रकखाली सापडून ठार’ या वाक्यात कर्ता दुचाकीस्वार आहे आणि ट्रक जणू निश्चल आहे. ‘ट्रकचालकाच्या धडकेने दुचाकीस्वार ठार’ असे म्हणताच घटनेचे चित्र पालटते. ‘ताबा सुटल्याने मोटार उलटली’ यात ताबा आपोआप सुटतो. ‘काळाने घाला घातला’ या वाक्प्रचारात तर चालक, रस्ता व वाहन हे तिन्ही दिसेनासे होऊन केवळ दैव उरते. स्वतः अपघात या शब्दातील ‘घात’ आघात व वध सुचवितो. रूढ वापरात मात्र आकस्मिकता व अटळपणा या छटाच प्रबळ झाल्या आहेत. इंग्रजी भाषिक जगातही असाच विचार झाला. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकाने २००१ साली ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द टाळण्याचे ठरविले. हयगयीचा आरोप असेल वा ती सिद्ध झाली असेल, तेथे हा शब्द योजू नये, अशी सूचना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१६ साली दिली.

ऐतिहासिक स्वरूप : ही शब्दयोजना निसर्गसिद्ध नाही, हे अमेरिकेच्या इतिहासावरून दिसते. १९२० च्या सुमारास तेथील वृत्तपत्रे वेगवान मोटारचालकास उघडपणे मारेकरी ठरवीत असत. रस्त्यावर मरण पावलेल्या मुलांसाठी शहरांत शोकसभा भरत. १९२३ साली सिनसिनाटी येथे मोटारींचा वेग यांत्रिक साधनाने ताशी २५ मैलांवर रोखण्याचा प्रस्ताव मतदानास आला, पण मोटार-व्यवसायाच्या विरोधामुळे तो फेटाळला गेला. पीटर नॉर्टन यांच्या संशोधनानुसार यानंतर मोटार उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने वृत्तपत्रांसाठी विनामूल्य सेवा सुरू केली. वृत्तपत्राने अपघाताचा तपशील कळवावा आणि संघटनेने तयार वृत्त धाडावे, अशी ती योजना होती. या वृत्तांत दोषाचा रोख पादचाऱ्याकडे वळविलेला असे. गावंढळ चालणारा या अर्थाचा ‘जेवॉकर’ हा हिणकस शब्दही याच दशकात रूढ झाला. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर असे बातमीतून बदलले.

वाचकांवरील परिणाम : सुटी घटना सांगणारे आणि व्यापक संदर्भ देणारे असे वृत्तांचे दोन प्रकार शांतो अय्यंगार यांनी १९९१ साली मांडले. पहिल्या प्रकारात वाचक व्यक्तीला दोष देतो. दुसऱ्यात त्याचे लक्ष शासन व समाज यांच्या जबाबदारीकडे जाते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच अपघाताची निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली वृत्ते सुमारे १,००० व्यक्तींना वाचावयास दिली. वाक्यरचना पादचाऱ्याऐवजी चालकावर केंद्रित होताच मृत पादचाऱ्यावरील दोषारोप कमी झाला. रस्त्याची स्थिती व पूर्वीचे अपघात यांची माहिती जोडल्यावर रस्ता सुधारण्याच्या मागणीस अधिक पाठिंबा मिळाला.

महाराष्ट्रातील अनुभव : ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. नंतरच्या दिवसांत पट्ट्याबरोबरच पुलाच्या रचनेचीही चर्चा वृत्तपत्रांत झाली. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मोटारीतील सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याची सक्ती अंमलात आणण्यात आली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. ती अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर तातडीने जामीन मिळाल्याचे वृत्त प्रसिद्ध होताच लोकक्षोभ उसळला. पाठपुरावा झाल्यास बातमी काय करू शकते, हे दोन्ही प्रसंगांवरून दिसते. तथापि असा पाठपुरावा मृताच्या प्रसिद्धीवर वा मोटारीच्या किमतीवर अवलंबून राहतो. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी मरण पावले. त्यांतील फारच थोड्यांच्या वाट्याला दुसरी बातमी आली असेल.

परिपूर्ण वृत्त : सुधारणेसाठी मोठ्या साधनांची गरज नाही. त्याच ठिकाणी मागील तीन वर्षांत किती अपघात झाले, हे विचारता येते. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मी. लांबीच्या भागात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात अथवा एकूण दहा मृत्यू झाल्यास तो भाग अपघातप्रवण स्थळ मानला जातो. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली घातलेल्या १९८ अ या कलमान्वये सदोष रचनेबद्दल वा देखभालीबद्दल संबंधित प्राधिकरण, ठेकेदार व सल्लागार यांनाही दंड होऊ शकतो. म्हणून रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, ही माहिती बातमीचाच भाग ठरते. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांकनविषयक मार्गदर्शक सूत्रांतही निर्णय होईपर्यंत दोष सुचवू नये, वाहनाऐवजी चालकाचा उल्लेख करावा आणि घटना एकाकी म्हणून मांडू नये, यांवर भर आहे. मृताने शिरस्त्राण घातले नव्हते हे नोंदविणे गैर नाही. पण तेवढेच नोंदवून थांबल्यास, त्याला धडक कोणी दिली आणि उद्या त्याच ठिकाणी दुसरा कोणी मरू नये म्हणून काय करावे लागेल, हे वाचकास कळत नाही. अपघातवृत्ताचे खरे प्रयोजन हेच होय.