शेख आधी की शेख नंतर?

दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली की आम्ही शिक्षक मुलांची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहतो. शाळेच्या रजिस्टरात शेख आधी, आधारवर शेख शेवटी आणि पासबुकावर शेख गायबच! वडिलांचे नाव एकीकडे मोहम्मद, दुसरीकडे महंमद, तिसरीकडे नुसते ‘मो.’ पालक हसून म्हणतात, “माणूस तर एकच आहे ना!” आम्हाला पटते. महाडीबीटी पोर्टलला पटत नाही. आणि शाळेत असताना जी दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या सहीने पुढे सरकते, तीच शाळा सोडल्यावर फार अवघड होऊन बसते. म्हणून कॉलेजच्या शिष्यवृत्तीची तयारी नववीतच सुरू करा, असे आम्ही सांगतो.

पण त्याआधी एक गैरसमज. २००६च्या सच्चर अहवालानंतर केंद्राने अल्पसंख्याकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २०२२मध्ये त्यातली पहिली ते आठवीची बंद झाली, संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिपही गेली. तेव्हापासून भवानी पेठेत काय आणि कोंढव्यात काय, ‘आता आपल्यासाठी काही उरलं नाही’ हेच ऐकू येते. हे खरे नाही. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गातल्या मुस्लिम मुलांनाही आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मुलींना तर २०२४-२५पासून पूर्ण! ‘फी झेपत नाही, निकाह करून टाकू’ म्हणणाऱ्या अब्बूंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

अट मात्र कडक आहे. प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, खासगी किंवा खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. पुण्यात अशा विद्यापीठांच्या जाहिराती चौकाचौकांत आहेत, म्हणून फी भरण्यापूर्वीच विचारा.

अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसीत येतात. तिथे जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागते. पुरावा १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा मागतात, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. तो मिळवायला गावी जावे लागते आणि पुष्कळदा त्यात जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले असते! मग चुलत आजोबा, त्यांची भावंडे, जो सापडेल त्याचा कागद शोधा. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत उरकत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. हातगाडीवाला, रिक्षावाला, शिलाई करणारी अम्मी यांच्याकडे पगारपत्रक कुठले? तरीही दाखला मिळतो. सेतू केंद्रात लवकर जा, जूनमधल्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत.

बँकेचेही तसेच. आधार शेवटी ज्या खात्याशी जोडले असेल, पैसे तिथेच जातात. ते खाते बंद असेल तर मंजूर रक्कमही हाती येत नाही.

अर्ज भरला की तो कॉलेजच्या कारकुनाकडे तपासणीला जातो. त्रुटी काढून तो परत आला, तर त्याची खबर पोर्टलवरच दिसते. मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा दिला असेल तर मेसेजही त्यालाच! नंबर घरचा द्या, दर आठवड्याला लॉगिन करून पाहा. आणि दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण करावेच लागते.